ड्योढीवरचा महिना

आपांच्या गाण्याच्या वर्गाचे नियम कुठे लिहून लावलेले नव्हते. ते मोडल्यावरच कळायचे. पहिल्या दिवशी मी वही घेऊन गेले होते, नवी कोरी, वर नाव घालून आणलेली. आपांनी ती हातात घेतली, पहिलं पान उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "बहुत सुंदर लिखावट है आपकी. इसे घर रख आइए." गाणं लिहून ठेवलं की माणूस ते लक्षात ठेवायचं सोडून देतो, असं त्यांचं म्हणणं. मग कळलं की दाराशी तांब्याची एक परात ठेवलेली असते आणि आत जाण्याआधी तिच्यात मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचं. तास कधी संपणार हे फक्त आपांना माहीत. घसा बसला तरी यायचं, पण त्या दिवशी बोलायचं नाही, खुणेनंही नाही. कुणाचं चांगलं झालं तरी 'वाह' म्हणायचं नाही. "जिसे अच्छा लगे, वह चुप रहे," त्या म्हणायच्या. त्यामुळे त्या खोलीत शांतता पसरली की समजायचं, कुणाचा तरी सूर लागला.

सगळ्यांत चमत्कारिक नियम बसण्याचा होता. आम्ही सहाजणी एका ओळीत, भिंतीकडे तोंड करून बसायचो. आपा आमच्या पाठीशी, तानपुरा घेऊन. गाणं तोंड पाहून शिकू नये, कानानं शिकावं, म्हणून. इतर मुलींना हे फार जाचक वाटायचं. शिप्रा नावाची एक हसरी मुलगी माझ्या शेजारी बसायची, ती म्हणायची, "यार, छह महीने से यह चूना देख रही हूँ, दीवार भी अब तक पूरी याद हो गई." मला मात्र तो नियम फार आवडला. त्या वर्षी माझ्या चेहऱ्याकडे लोक फार पाहत असत. शाळेत बाई पाहायच्या, कॉलनीतल्या काकू पाहायच्या, भाजीवाला भैया पिशवीत टोमॅटो टाकता टाकता थांबून पाहायचा. आई गेलेल्या मुलीचा चेहरा कसा असतो, हे सगळ्यांनाच पाहायचं होतं. आपांच्या खोलीत मला फक्त भिंत पाहत होती.

आम्ही आलमबागच्या रेल्वे कॉलनीत राहत होतो. बाबा रेल्वेच्या कारखान्यात इंजिनियर होते. आम्ही मूळचे अमरावतीचे, बदलीनं इथे आलेले. दोन खोल्या, मागे छोटं अंगण, अंगणात आईनं लावलेला कढीपत्ता. तो लखनौच्या थंडीत दर वर्षी मरायला टेकायचा आणि दर वर्षी वाचायचा. आई असताना घरात मराठी बोललं जायचं. ती गेल्यावर काहीच बोललं जाईना. बाबा वाईट नव्हते, रागीट तर मुळीच नव्हते. ते सकाळी उठून कणीक मळायचे, तिच्या जाड जाड पोळ्या करायचे, माझ्या डब्यात लोणचं घालायचे, आणि हे सगळं अशा बेतानं करायचे की भांड्याला भांडं लागू नये. जणू आतल्या खोलीत कुणी आजारी निजलंय. मीही तशीच वागू लागले. पुस्तक वाचताना पानसुद्धा हळू उलटायचे. आता मी एका ग्रंथालयात काम करते आणि लोक माझ्या हळू चालण्याचं कौतुक करतात. ती सवय त्या घरातली आहे, हे त्यांना काय सांगायचं.

मी बोलेनाशी झाले म्हणून शाळेनं बाबांना बोलावून घेतलं. कारखान्यातल्या कुणीतरी त्यांना सुचवलं, लड़की को गाना सिखाइए, मन लगेगा. असे आम्ही चौक नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत आपांकडे पोचलो. आठवड्यातून तीन संध्याकाळी बाबा मला स्कूटरवरून नेत. चारबागच्या गर्दीत स्कूटर हमखास अडकायची. मागे बसून मी त्यांच्या स्वेटरच्या पाठीवरची वीण पाहत राहायचे, आईनं विणलेली. आता त्याच रस्त्यावरून, डोक्यावरून मेट्रो जाते. मी मध्ये एकदा त्या मेट्रोनं गेले. खिडकीतून खाली पाहिलं, तर तो रस्ता इतका लहान दिसला की आम्ही त्यावर एवढा वेळ कसे अडकून पडायचो, कळेना.

पालकांनी वर्गात यायचं नाही, हाही नियम होताच. दाराला जाड पडदा होता. पडद्याबाहेर उंबरा आणि उंबऱ्याखाली दगडी पायरी. त्या पायरीला आपा ड्योढी म्हणत. बाबा तिथे बसायचे. समोर रशीदचाचांचं छपाईचं दुकान होतं. चिकनचं भरतकाम करण्याआधी कापडावर निळीत बुडवलेल्या लाकडी ठशांनी नक्षी उमटवतात, ते काम. दिवसभर तिथून ठप, ठप असा आवाज यायचा आणि आमचा षड्ज त्या आवाजावरून तरंगत राहायचा. इतर मुलींचे वडील सोडून निघून जात. बाबाच एकटे थांबत. सुरुवातीला ते कारखान्याचे कागद घेऊन येत, पुढे पुढे तेही बंद झालं.

दोन नियम मला अजून सांगायचे आहेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर अवलंबून आहे. पहिलं वर्ष घरी गायचं नाही. रियाज नाही, गुणगुणणं नाही, न्हाणीघरातही नाही. कच्चा गळा एकटा सोडला की चुका पक्क्या करून येतो, असं आपा मानत. कुणाकडून मोडलं गेलं तर तिनं पुढच्या तासाला सगळ्यांसमोर स्वतः सांगायचं, आणि महिनाभर आत न येता ड्योढीवर बसून ऐकायचं. शिप्रानं एकदा कबूल केलं होतं की तिनं अंघोळ करताना गायलं. आपांनी गंभीरपणे विचारलं, "साबुन ने दाद दी?" सहाजणी भिंतीकडे तोंड करून हसून हसून हलत होतो. शिप्रा महिनाभर बाहेर बसून आली आणि वर सांगत सुटली की रशीदचाचांकडचा चहा फर्स्ट क्लास असतो.

दुसऱ्या नियमावर मात्र कुणी हसत नसे. घरच्यांनी मुलीला 'जरा म्हणून दाखव' म्हटलं, फर्माईश केली, तर तिचं शिक्षण तिथेच संपे. मी नवीन असताना एका मुलीच्या वडिलांनी पाहुण्यांपुढे तिला गायला लावलं होतं. तिची आई मिठाईचा डबा घेऊन माफी मागायला आली. आपांनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि डबा परत तिच्या हातात ठेवून म्हणाल्या, "बच्ची अब आप ही के पास अच्छी रहेगी. सुननेवाले वहीं हैं." ती मुलगी पुन्हा दिसली नाही. हा नियम आपांनी पहिल्याच दिवशी बाबांना समोर बसवून सांगितला होता. बाबांनी मान डोलावली होती. ते नियम पाळणारे गृहस्थ होते. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल दिव्याला थांबायचे.

आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. लखनौचं जानेवारीतलं धुकं अंगणापर्यंत आत येतं, कढीपत्त्याचं झाडही दिसेना. भटजींना यायला वेळ होता. बाबांनी खिरीचं दूध आटायला ठेवलं होतं आणि आईचा फोटो पुसत होते. आधी एकदा पुसलेला तोच फोटो ते पुन्हा पुसत होते. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "वसू, ती भूपाळी येते ना तुला?"

आई रोज पहाटे एक भूपाळी म्हणायची. अगदी हळू, स्वयंपाकघराचं दार लोटून. मी अंथरुणात पडून ऐकायचे.

"येते," मी म्हटलं.

"म्हणशील?"

"बाबा, आपांनी..."

"हो. हो. बरोबर आहे." ते घाईनं म्हणाले. "लक्षातच आलं नाही माझ्या. राहू दे." आणि फोटो पुन्हा पुसायला लागले.

आजही मला वाटतं, ते जर थोडे रागावले असते, किंवा अजून एकदा म्हणाले असते, तर मी नियमाला धरून राहिले असते. पण ते 'बरोबर आहे' म्हणाले. वर्षभर त्या माणसानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी ओट्याशी उभी राहिले आणि आई म्हणायची तशीच, तितक्याच हळू आवाजात दोन कडवी म्हटली. तिसरं मला येत नव्हतं. संपलं तेव्हा बाबांची पाठ माझ्याकडे होती. मग ते मागचं दार उघडून, स्वेटर न घालता अंगणात गेले आणि धुक्यात उभे राहिले. मला त्यांची फक्त आकृती दिसत होती. दूध उतू जायला आलं, ते मी उतरवलं.

पुढचा तास दोन दिवसांनी होता. सांगायचं की नाही, यावर ते दोन दिवस गेले. न सांगता निभावलं असतं, कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण न सांगता त्या भिंतीसमोर बसले असते, तर तीही माझ्याकडे पाहायला लागली असती. आणि खरं सांगितलं, तर वर्ग सुटला असता. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी सुटल्या तर बाकी काय उरतं, हे मला नीट माहीत होतं.

आत गेल्यावर मी बसले नाही. उभी राहून म्हटलं, "आपा, मैंने घर में गाया."

तानपुरा थांबला. नेमके तेव्हाच रशीदचाचा नमाजाला उठले होते, त्यामुळे ठपठपही नव्हती. इतकी शांतता त्या गल्लीत मी कधी ऐकली नव्हती. पडद्याच्या खालून बाबांचे बूट दिसत होते.

"किसके सामने?"

"पिताजी के."

"उन्होंने फ़रमाइश की थी?"

बूट हलले नाहीत. मी म्हटलं, "नहीं. वह तो दूसरे कमरे में थे. मैंने अपने मन से गाया."

शिप्रानं नियम मोडून मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. शेवटी आपा म्हणाल्या, "ठीक है. एक महीना." मी परातीतून घड्याळ उचललं, पडदा सारला आणि बाहेर आले. बाबा पायरीवर बसले होते, हात गुडघ्यांवर. त्यांनी सरकून मला जागा करून दिली.

नमाज आटोपून रशीदचाचा परतले. आम्हा दोघांना शेजारी शेजारी पाहून हसले. "लीजिए इंजीनियर साहब, अब तो पूरा ख़ानदान ड्योढ़ी पर आ गया! चाय दो कर दूँ?"

"हाँ, दो कर दीजिए," बाबा म्हणाले. दुसरं काही बोलले नाहीत.

पहिले तीन तास असेच गेले. घरात आम्ही निदान दोन वेगळ्या खोल्यांत गप्प असायचो. इथे एकाच हातभर पायरीवर. आतून पाच मुलींचा आवाज यायचा, त्यात माझ्या जागेची फट मला स्पष्ट ऐकू यायची. बाहेरून ऐकताना कळलं की शिप्राचा पंचम चढा लागतो, आणि आपा कुणाला रागावत नाहीत, फक्त स्वतः एकदा गाऊन दाखवतात. थंडीनं पायरी बर्फासारखी लागायची. बाबांनी चौथ्या दिवशी घरून एक पोतं आणलं, घडी करून आधी माझ्या बाजूला घातलं.

त्याच दिवशी ते म्हणाले, "तू त्यांना खोटं सांगितलंस."

"नाहीतर वर्ग गेला असता, बाबा."

"ते कळलं मला." पोत्याची घडी सारखी करत म्हणाले, "मी उठून आत यायला हवं होतं. पाय उचलला नाही."

समोर रशीदचाचा एका पांढऱ्या दुपट्ट्याच्या काठावर ठसे मारत होते. बाबा ते पाहत पाहत बोलू लागले. माझ्याशी बोलताहेत असं वाटतच नव्हतं. "तुझी आई अशी हळू म्हणायची नाही. तुला वाटतं ती भूपाळीच तशी आहे. तशी नाही ती. लग्न होऊन आली तेव्हा मोकळ्या गळ्यानं म्हणायची. अमरावतीला लग्नाआधी चार वर्षं शिकली होती. इथे बदली झाली, क्वार्टर मिळालं. भिंती पातळ. पलीकडे माझे साहेब राहायचे. मी एकदा म्हटलं तिला, जरा हळू म्हण. एकदाच म्हटलं गं मी. भांडण नाही, काही नाही. 'बरं' म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून दार लोटून म्हणायला लागली. साहेब तीन वर्षांनी बदलून गेले. मग तिथे मिश्रा आले, ते तर स्वतःच रेडिओ मोठ्यानं लावायचे. पण मी तिला 'आता म्हण' असं सांगायचं राहून गेलं. आज सांगू, उद्या सांगू. चौदा वर्षं."

आतून आपांचा आवाज आला, "फिर से." पाचही जणी पुन्हा षड्जावर आल्या.

"त्या दिवशी तू तिच्यासारखीच म्हणालीस," बाबा म्हणाले. "अगदी तेवढ्याच हळू."

यानंतरच्या प्रत्येक तासाला ते बोलले. सगळं दुःखाचंच होतं असं नाही. आईनं इथे पहिल्यांदा हिंदीत भाजीवाल्याशी घासाघीस करताना काय काय चुका केल्या, चौकातल्या फेसासारख्या हलक्या, गोड मलाई मक्खनला ती 'हवेचं श्रीखंड' कसं म्हणाली, कारखान्याच्या एका समारंभात साहेबांच्या बायकोनं गायला सांगितलं तर डोकं दुखतंय म्हणून कशी निसटली. मी हसायचे. तेही हसायचे, अगदी थोडं, नाकातून. रशीदचाचांनी एकदा विचारलं, "क्या बातें होती हैं मराठी में? हमें भी बताइए." बाबा म्हणाले, "इसकी अम्मा की." चाचांनी ठसा खाली ठेवला, आम्हाला दोन शीरमाल, केशरी गोडसर रोट्या, आणून दिल्या आणि पुन्हा कामाला लागले. त्या महिन्यात मला आई जितकी भेटली, तितकी ती असताना भेटली नव्हती. आणि बाबाही. स्कूटरवरून घरी पोचलो की मात्र सारं बंद व्हायचं. दाराचं कुलूप काढलं की आम्ही पुन्हा पहिल्यासारखे. बोलण्याची जागा ती पायरी होती.

म्हणून महिना संपत आला तेव्हा मला आनंद झाला नाही. शेवटच्या दिवशी तास संपल्यावर आपा स्वतः पडद्याशी आल्या. त्यांना उजेडात, समोरून, मी क्वचितच पाहिलं होतं. वाटलं त्यापेक्षा त्या पुष्कळ म्हाताऱ्या होत्या. बाबा उठून उभे राहिले. त्यांनी कपड्यावरची धूळ झटकली, कारखान्यात साहेबांसमोर उभं राहावं तसे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "आपा, वो मैंने बोला था इसको गाने के लिए. इसने मुझे बचाया. ग़लती मेरी है."

मला वाटलं, संपलं.

आपांनी पडद्याची कड बोटांत धरली. "इंजीनियर साहब, यह पर्दा हमने क्यों डाला है? कि बाहर की बात बाहर रहे. आप बाहर खड़े हैं. हमने कुछ नहीं सुना." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "और आप, वसुधा बेटी, झूठ बहुत बेसुरा बोलती हैं. परसों से अंदर बैठिए."

दोन दिवसांनी आम्ही गेलो. मी परातीत घड्याळ ठेवलं आणि मागे वळून पाहिलं. बाबा पायरीवर बसले नव्हते. मला म्हणाले, "जा तू. मी जरा फिरून येतो." त्यानंतर ते कधीच तिथे बसले नाहीत. मला सोडून निघून जायचे आणि तास कधीही संपला तरी गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावून उभे असायचे. फर्माईशीची शिक्षा त्यांनी स्वतःलाच दिली होती, हे मला तेव्हा समजलं नाही. मला वाटलं, माझी सोबत नकोशी झाली. मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि पहिल्यांदाच ती भिंत मला एकटी वाटली.

बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. हे मी रोज चार-पाच ओळी अशा बेतानं लिहिते आहे. एके दिवशी अधिक लिहिलं तर दुसऱ्या दिवशी काही लिहवत नाही. त्यांच्या कपाटात नीट घड्या घातलेले कपडे निघाले, कारखान्याची ओळखपत्रं निघाली, पण एक ओळ त्यांच्या हातची निघाली नाही. त्यांनी मला जे काही सांगितलं ते त्या नऊ-दहा संध्याकाळी. पुढे आम्ही कितीतरी वर्षं एकत्र राहिलो, त्यांनी पुन्हा कधी आईचा विषय काढला नाही, आणि माझ्याकडे काहीही मागितलं नाही. पाणी हवं असलं तरी स्वतः उठायचे.

वर्गातलं माझं पहिलं वर्ष पूर्ण झालं त्या दिवशी आपा म्हणाल्या, "अब घर में गाइए. रोज़, एक घंटा. और खुलकर." घरी येईपर्यंत मी बाबांना सांगितलं नाही. घरी आल्यावर सांगितलं. ते म्हणाले, "अरे वा. छान झालं." आणि स्वयंपाकाला लागले. मी दाराशी उभी राहिले. वाटलं, आता म्हणतील, म्हण. ते कोथिंबीर निवडत राहिले. त्यांनी एकदा 'हळू म्हण' म्हटलं होतं, एकदा 'म्हणशील?' म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा काय झालं हे ते विसरले नव्हते. पण हे आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा मी फक्त वाट पाहिली, मग खोलीत गेले. दार लोटायला हात पुढे केला आणि नाही लोटलं. भूपाळी म्हणायचा धीर झाला नाही. सतरंजी घातली, बसले, आणि नुसता षड्ज लावला. पूर्ण आवाजात. त्या घरात तो आवाज इतका मोठा वाटला की मी स्वतःच दचकले, पण सोडला नाही.

स्वयंपाकघरात गॅसवर कुकर होता. पहिली शिट्टी व्हायच्या बेतात वाफ फुसफुसत होती, ती एकाएकी बंद झाली. बाबांनी गॅस बंद केला होता. तासभर मी गात होते आणि तासभर त्या घरात दुसरा कसलाही आवाज झाला नाही.

जेवायला बसलो तेव्हा वरण अर्धंकच्चं होतं. डाळ दाताखाली कचकच लागत होती. बाबांनी भातावर वरण घालून घेतलं. मीही घेतलं. मग दोघांनीही पुन्हा एकदा वाढून घेतलं.